आखाजीले घर कोण येस?

हे आत्ताच सांगायला हवं. चहा झाल्यावर नाही, उद्या सकाळी नाही, आत्ता. माझ्या खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून खाली उतरलेली नाही आणि मी टाइपरायटरमध्ये कागद घातलाय.

धुळ्याच्या एसटी स्टँडवरून येतेय. तिथं अमळनेरच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी एक बाई, माझ्याच वयाची असेल, मांडीवर पिशवी, पिशवीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एक फॉर्म. म्हणाली, "ताई, पेन शे का?" दिलं. तिनं तीन ओळी भरल्या आणि मी सहज खाली बघितलं. बहिःस्थ विद्यार्थ्यांचा नावनोंदणी अर्ज. बहिःस्थ म्हणजे कॉलेजात न जाता घरी अभ्यास करून परीक्षेला बसणारे. बरं, असे फॉर्म मी शेकड्यांनी टाइप केलेत. पण तिसऱ्या ओळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्ख्या ओळीचा एक चौकोन होता आणि त्याच्या डोक्यावर छापलं होतं: माहेरचे नाव.

मी ओरडले. "मोठा केला! अहो, मोठा केला यांनी!"

बाईनं फॉर्म छातीशी धरला आणि दोन हात लांब सरकली. मी तिला समजावून सांगणार तेवढ्यात तिची गाडी लागली, ती पळाली, माझं पेन तिच्याकडेच राहिलं. राहू दे! आखाजीच्या सणाला चार दिवस उरलेत, माहेरीच चालली असणार. पण तिला सांगायचं राहिलं ते मला आता कुणाला तरी सांगायलाच हवं, की हा चौकोन आधी केवढा होता, आणि तो कुणाचा होता.

तो नानांचा होता. वसंत सोनवणे, पण त्यांना वसंतराव म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. सगळ्यांचे नाना.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. खान्देशाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं होतं आणि जळगावात भाड्याच्या इमारतीत त्याचं ऑफिस थाटलं होतं. खरं विद्यापीठ गावाबाहेरच्या माळावर व्हायचं होतं, पण तिथं तेव्हा दगड, बोरी आणि वारा. आमचा नियोजन कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली: दोन टेबलं, एक कपाट ज्याची किल्ली कधी सापडली नाही, एक मराठी टाइपरायटर आणि टाइपरायटरला जोडून मी, हंगामी. या खोलीतून पुढच्या वीस वर्षांचा आराखडा निघायचा होता. वीस वर्षांचा! मला तेव्हा पुढच्या महिन्यात नोकरी राहील की नाही ते माहीत नव्हतं.

नाना मूळचे पिंपळनेरकडचे, आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलेले. नियोजनासाठी त्यांना मागून आणलं होतं. उंच, काळे, वाकलेले, बुशशर्टच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. पेन विसरतील, चष्मा विसरतील, पट्टी नाही. बोलताना ती काढून हवेत धरायचे, जणू समोरच्याचं बोलणं मोजतायत. आणि बोलायचे अहिराणी. शिपायाशी अहिराणी, प्राचार्यांशी अहिराणी, मुंबईहून आलेल्या सचिवांशीसुद्धा अहिराणी. वर्गात आयुष्यभर शुद्ध बोलून झालं म्हणे, आता कोटा संपला. 'ळ' त्यांच्या तोंडात टिकायचाच नाही, त्याचा 'य' व्हायचा. जळगावचं जयगाव, शाळेची शाया, पाळण्याचा पायना.

मी फार भराभर टाइप करते म्हणून मला नाव पडलं होतं धडधड. "का वं धडधड, आज मशीन चालू शे का तू?" असं दारातून विचारत आत यायचे.

त्यांचं सगळं लिखाण एसटीच्या तिकिटांवर. दौऱ्यावरून आले की खिशातून मूठभर तिकिटं माझ्या टेबलावर ओतायचे, प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात एकेक मुद्दा. 'साक्री तालुका, मुलींची सायकल, शाळा बारावीपर्यंत झाली, पुढे?' 'पिंपळनेरला उपकेंद्र नको, आधी वसतिगृह.' मी म्हणायचे, नाना, मोठा कागद देते ना. तर म्हणायचे, "तिकीटमांगे जे मावत नही, ते आपलेच समजेल नही." मग मी ती तिकिटं पत्त्यांसारखी लावायची आणि टाइप करायची. आराखड्याचं पहिलं प्रकरण तिकिटांवरून टाइप झालंय, कुणाला खरं वाटणार नाही!

वीस वर्षं हा त्यांचा एकच ध्यास. कुणी म्हणालं की यंदा फर्निचर पाहिजे, तर नाना पट्टी वर करायचे. "यंदानं सांगू नको भो. जो आते पायनामा शे, त्यानासाठे काय पाहिजे ते सांग." जो आता पाळण्यात आहे त्याच्यासाठी. फर्निचर मागायला आलेला माणूस बिचारा पाळण्याचा विचार करत परत जायचा.

एकदा मला माळावर घेऊन गेले. नकाशा माझ्या हातात, वारा असा की नकाशाच मला उडवून नेतोय. नाना पुढे, लांब ढांगा टाकत. "हाई ग्रंथालय. आठे पोरीस्नं वसतिगृह. आठे झाडं." मला दिसत होते फक्त दगड. मी सरळ चालत त्यांच्याजवळ गेले तर दोन्ही हात पसरून थांबवलं.

"माय वं! भिंतमाईन काय चालनी तू?"

"कुठाय भिंत?"

"ग्रंथालयनी! दरवाजा तिकडे शे ना. पूर्वेले."

आणि मी, खरं सांगते, मागे फिरले, वळसा घातला आणि पूर्वेच्या दरवाज्यातून आत गेले. नसलेल्या दरवाज्यातून! दाराशी चप्पल काढू का असंही क्षणभर वाटलं. त्या दिवशी परत येताना मला खरोखर ग्रंथालयातून आल्यासारखं वाटत होतं.

असा माणूस. आता खरी गोष्ट.

आराखड्यासाठी गावांची पाहणी ठरली. नमुन्यादाखल थोडी गावं, जळगावची आणि धुळ्याची. समितीनं शुद्ध मराठीत तक्ता तयार केला. त्यात एक रकाना: 'कुटुंबातील बारावी उत्तीर्ण मुलींची संख्या'. या रकान्यावर बरंच काही लटकलेलं होतं. मुली किती आहेत त्यावर माळावरचं वसतिगृह किती मोठं, आणि घरी बसून शिकणाऱ्यांसाठी तालुक्याला केंद्रं काढायची की नाही, ते ठरणार होतं.

तक्ते आले. मी टाइप करायला बसले. निरंक. निरंक. निरंक. सरकारी भाषेत शून्याला निरंक म्हणतात, तुम्हाला माहीत असेल. मुलांच्या रकान्यात आकडे, मुलींच्या रकान्यात निरंक. अधूनमधून एखादा एक, ती बहुतेक नुकतीच पास झालेली, लग्न न झालेली. माझी बोटं तर 'नि'वर घसरायला लागली. गावोगावी बारावीपर्यंत शाळा झाल्यात, निकालाच्या दिवशी मुलींचीच नावं पुढे असतात, मग त्या जातात कुठे?

समितीतले एक प्राचार्य खोलीत येऊन तक्ते चाळून म्हणाले, "सोनवणे सर, आकडे स्पष्ट आहेत. मुलींचं वसतिगृह निम्मं करू, आणि ती तालुका केंद्रं वगळू. मागणीच नाही."

नानांनी तक्ते परत गोळा केले. पट्टी खिशातच होती.

त्या संध्याकाळी टाइप केलेले तक्ते सहीसाठी मी त्यांच्या घरी घेऊन गेले. नाना अंघोळीला गेले होते. त्यांच्या बायकोनं, माईंनी, चहा ठेवला आणि हात पुसत तक्ते उघडून बसल्या. सगळ्यात वरचा तक्ता नमुना म्हणून नानांनी स्वतःच्याच घराचा भरला होता. मुलगे: एक, बी.ई.ला. मुली: निरंक. मीच टाइप केलेलं.

नाना पंचानं डोकं पुसत आले. माईंनी कागद वर धरला.

"आनी उज्जू?"

"काय उज्जू?"

"हाई कोनी लिखं? पोर बारावीले पहिला वर्गमा पास व्हयनी, तुमी अख्खी गल्लीमा पेढा वाटात. ती कोठे गयी?"

"आवं, तिनं लगीन व्हयनं ना," नाना म्हणाले. "ती आते त्यास्ना घरनी. हाऊ आपला घरना तक्ता शे."

"मंग त्यास्ना घर जाईसन इचारा," माई म्हणाल्या. "देखा त्या काय सांगतस."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

उज्ज्वला नानांची धाकटी. बारावी झाल्यावर चांगलं स्थळ आलं आणि त्यांनी लग्न लावून दिलं. वीस वर्षांचा विचार करणाऱ्या माणसानं! पण तेव्हा ते कॉलेजात होते, नियोजनात नव्हते. असं मी नंतर कितीदा तरी त्यांच्या बाजूनं स्वतःला सांगून पाहिलंय.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. उज्ज्वलाचं सासर नरडाण्याजवळच्या एका खेड्यात. एसटीत नानांनी एकही तिकीट लिहिलं नाही. तिकीट बोटांत गुंडाळत राहिले.

उज्ज्वलाचे सासरे, आबा, ओट्यावरच होते. मोठा सज्जन, हसरा माणूस. व्याही आले म्हणून हाका मारून घर डोक्यावर घेतलं. नाना मात्र बसल्या बसल्या तक्ता काढून मोकळे. कामासाठी आल्याचं सोंग.

"आबा, विद्यापीठनं काम शे. तुमना घर बारावी पास पोरी कितल्या?"

"पोरी?" आबा हसले. "आमना घर पोरच नही भो. दोन आंडोर शेतस बस. इसरनात का तुमी?"

आंडोर म्हणजे मुलगे. आणि हे ते बोलत असताना उज्ज्वला पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या शेजारी उभी होती. कडेवर तिची वर्षाची लेक, चिमी.

नाना तिच्याकडे बघतायत, आबा नानांकडे बघतायत, मी तांब्याकडे बघतेय. आणि मला एकदम समजलं! माहेरी विचारलं तर म्हणतात, तिला दिली, ती आता आमच्याकडची नाही. सासरी विचारलं तर म्हणतात, मुलगी कुठाय, ही तर सून. अहिराणीत 'व्हऊ'. तक्त्यात तर 'मुली' लिहिलंय! दोन्हीकडची माणसं अगदी खरं बोलत होती आणि दोन्ही खरं मिळून उत्तर येत होतं निरंक. अख्ख्या खान्देशातल्या शिकलेल्या पोरी त्या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत पडल्या होत्या.

"बारावी पास शे ना मी," उज्ज्वला म्हणाली. "पहिला वर्ग. लिखा."

आबांनी कपाळावर हात मारला. "हाव रे भो! पन तू तं व्हऊ शे ना माय. यास्नी पोरी इचाऱ्यात!" आणि मग नानांकडे वळून, अगदी साधेपणानं म्हणाले, "आमनी ना नही बरं शिकाले. मागला वर्से मीच तिले कॉलेजले लई गयथू. बाहेरथीन बी.ए. करी म्हनीसन. त्यास्नी परत धाडं."

"काबरं?" नाना म्हणाले.

"गुणपत्रिकावर सोनवणे. फॉर्मवर पाटील. तो खिडकीमाधला बोलना, कागदवरनी पोर येगयी, हाई बाई येगयी. कोर्टनं लिखेल आना."

कागदावरची मुलगी वेगळी, ही बाई वेगळी.

नाना तिच्याकडे बघून म्हणाले, "माले काबरं नही सांगं?"

उज्ज्वलानं चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमले कसाले सांगू? तुमी मोठला कामवर व्हतात, नाना. वीस वर्सना." हसत म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत, सोनगीर गेल्यावर, नानांनी अचानक माझ्याकडे हात पसरला. "पेन दे." गुंडाळलेलं तिकीट मांडीवर सरळ केलं, पट्टीनं दाबलं आणि एक ओळ लिहिली. मला दाखवली.

'आखाजीले घर कोण येस?'

अक्षय तृतीया, आमची आखाजी. बाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही, पण खान्देशात दिवाळी एका बाजूला आणि आखाजी एका बाजूला. दिलेली प्रत्येक मुलगी आखाजीला माहेरी येते. येतेच. नाही आली तर भाऊ जाऊन घेऊन येतो. सासूसुद्धा अडवत नाही, कारण त्या दिवशी तिची स्वतःची मुलगी यायची असते.

समितीचा प्रश्न बदलला! 'बारावी उत्तीर्ण मुलींची संख्या' गेला. नवा तक्ता एकाच प्रश्नाचा, आणि तो अहिराणीत: आखाजीला तुमच्या घरी कोण कोण येतं, आणि ती कितवी शिकलीय. मी स्टेन्सिल कापायला बसले तर प्राचार्य आले.

"सर, विद्यापीठाच्या कागदावर 'येस' लिहिणार? इंग्रजीतलं यस वाटेल!"

"वाटू द्या," नाना म्हणाले. "दोन्ही अर्थ चालतीन."

सायक्लोस्टाइलच्या शाईनं माझे हात कोपरापर्यंत काळे, पण आखाजीच्या आधी तक्ते गावात पोचले. आणि आखाजीला आम्ही स्वतः गेलो. आई गं, काय दिवस होता तो! प्रत्येक निंबाला झोका, झोक्यावर दोन दोन जणी, दारात आंब्याच्या कोयींचे ढीग, खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास, अंगणात गाणी. नाना ओट्या-ओट्यावर बसून एकच प्रश्न विचारत होते आणि लोक थांबतच नव्हते. "मनी मोठी पोर, बारावी पास. मधली, तिनं तं कॉलेजनं एक वरीस करं. धाकली बारावीमा इंग्रजीमा गयी, पन हुशार शे!" तक्त्यात दोन ओळी ठेवल्या होत्या. लोकांनी समासात लिहिलं, मागे लिहिलं, एकानं शेजाऱ्याच्या तक्त्यावर लिहिलं. एक म्हातारी आजी झोक्यावरच्या चौघींकडे बोट दाखवून म्हणाली, "बठ्ठ्या लिखी ले. ऱ्हायनी तं नातनी लिख." सगळ्या लिहून घे, राहिलीच जागा तर नातीही लिही.

नाना गावातून बाहेर पडले ते अक्षरशः पळत. पंचावन्नच्या पुढचा माणूस! "धडधड! शेतस! बठ्ठ्या शेतस!" आहेत, सगळ्या आहेत. मला वाटलं आता हा माणूस एखाद्या झोक्यावर चढतो की काय.

मोठ्या बैठकीत वसतिगृह निम्मं करायची गोष्ट कुणी काढलीच नाही, उलट नानांनी आणखी दोन गोष्टी मागितल्या. एक: बहिःस्थांची नावनोंदणी आखाजीच्या आठवड्यात, तालुक्याच्या गावी. दोन: फॉर्मवर माहेरच्या नावाचा चौकोन, म्हणजे जुन्या गुणपत्रिकेशी नाव जुळेल आणि कोर्टाचा कागद लागणार नाही. मी इतिवृत्त घ्यायला भिंतीशी बसले होते, म्हणून शब्दन्‌शब्द आठवतोय.

"आखाजीला सुट्टी असते," कुणीतरी म्हणालं.

"म्हनीसन तं," नाना म्हणाले. मग एकदम शुद्ध मराठीत आले, आयुष्यातला कोटा परत उघडला जणू. "तिचा दाखला माहेरच्या पेटीत असतो आणि ती सासरी असते. साहेब, दाखला आणि पोर एका जागी येतात ते वर्षातून एकदाच. आपलं वेळापत्रक आजवर बाहेरून यायचं, बाहेरच्यांना आखाजी माहीत नव्हती. आता वेळापत्रक आपण करणार. मग ज्या दिवशी ती घरी येते त्या दिवशी आपलं दार बंद का?"

"आणि एकाच बाईची दोन नावं? गोंधळ होईल."

"गोंधळ आत्ता आहे," नाना म्हणाले. "आत्ता तिचं एकही नाव नाही. मी स्वतः लिहिलंय, निरंक. माझ्या मुलीपुढे. तो तक्ता या फायलीत पहिला आहे, बघून घ्या."

पानं उलटल्याचा आवाज आला. अध्यक्षांच्या खुर्चीतल्या मुख्य साहेबांनी तो कागद वाचून खाली ठेवला. मग म्हणाले, "एक वर्ष प्रायोगिक. पण फॉर्म एकाच पानात बसला पाहिजे. दुसरं पान मिळणार नाही."

ते पान मीच बसवलं! आधीच खचाखच भरलेलं. माध्यम आणि जन्मतारीख यांच्या मधून जागा काढली, अक्षरं मोजली, चुका बुजवायच्या लाल पाण्यानं स्टेन्सिल तीनदा खोडली. शेवटी निघाला तो एवढासा चौकोन, नानांच्या पट्टीवर सव्वा इंच. नाना म्हणाले, मस्त शे. मला तर ताजमहाल बांधल्यासारखं वाटलं.

पुढची आखाजी. अमळनेरच्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात टेबल, टेबलामागे नाना आणि मी. सकाळी अकरापर्यंत कुत्रंही फिरकलं नाही. शिपाई म्हणाला, नाना, बाया रस खाऊन झोपल्या असतीन. मग बैलगाडीतून तिघी आल्या. मग भावाच्या सायकलवर एक. मग अशा यायला लागल्या की व्हरांड्याची पायरी भरली. नव्या साड्या, मेंदीचे हात, बगलेत पिवळे पडलेले दाखले. एकीनं तर दाखला साडीच्या घडीत घालून इस्त्री करून आणला होता!

नाना मान वर करून प्रत्येकीला नाव विचारत होते आणि दर वेळी तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होते. उज्ज्वला माईंकडे आली होती, आदल्या दिवशीच. पण येणार का, ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि नानांनी विचारलं नव्हतं.

चार वाजले. पाच. मी फॉर्म आवरायला लागले.

"थांब," नाना म्हणाले.

ती आली. कडेवर चिमी, चिमीच्या गालाला रस, हातात माईंच्या पेटीतला दाखला. रांग नव्हतीच, तरी ती टेबलापासून दोन पावलं मागे थांबली, बोलावण्याची वाट बघत, इतर बायांसारखी.

"पुढे या," नाना म्हणाले. तिला 'या' म्हणाले! "नाव?"

"उज्ज्वला संजय पाटील."

"माहेरनं नाव?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. "ते तं तुमले माहीत शे. तुमीच लिखा."

नानांनी पेन उचललं, चौकोनावर आणलं. मग फॉर्म उलटा फिरवून तिच्यापुढे सरकवला. "नही. मी एकदाव लिखं, चुकनं. आते ते अर्जदारनीच लिखाले पाहिजे."

चिमी माझ्याकडे आली, रसासकट. उज्ज्वला वाकून लिहायला लागली. मोठं, गोल, शाळेतलं अक्षर. उज्ज्वला. जोडाक्षरं नावातच इतकी की सव्वा इंच तिथंच संपला. 'वसंत'चा 'व' चौकोनाच्या रेघेवर बसला आणि बाकीचे नाना, सोनवण्यांसकट, जन्मतारखेवर जाऊन पडले.

ती सरळ झाली, फॉर्मकडे बघितलं आणि फिसकन हसली.

"नाना, मी मावनी. तुमी बाहेर ऱ्हायनात."

मी मावले, तुम्ही बाहेर राहिलात. माझी तर अशी फजिती! मी म्हणायला लागले की टाइपरायटरवर जागाच नव्हती, एक पान, तीन स्टेन्सिली. कुणी ऐकत नव्हतं. नाना हसत होते, चष्मा काढून, खांदे हलवत, डोळे पुसत. मग खिशातली पट्टी काढून चौकोनाला लावली, नंतर तिच्या नावाला लावली, अगदी शेवटच्या 'णे'पर्यंत.

"धडधड, लिखी ले. पुढला वर्से अख्खी ओय पाहिजे."

अख्खी ओळ पाहिजे. मी लिहून घेतलं, एसटीच्या तिकिटामागे. पण पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले, माझी बदली परीक्षा विभागात झाली, चौकोन तेवढाच राहिला आणि बायांची नावं बाहेर सांडत राहिली. मी दोनदा टिपण पाठवलं. उत्तर आलं नाही.

नाना मला शेवटचे दिसले ते माळावर. आता तिथं खरी इमारत उभी होती, आमचं ऑफिस तिच्या पहिल्या मजल्यावर. उज्ज्वला बी.ए.चं प्रमाणपत्र घ्यायला आली होती, खाली खिडकीशी उभी. मी वरून बघितलं तर बाहेर उन्हात नाना, आणखी वाकलेले, बोटाला चिमी. मोकळ्या जागेवरून दोघं चालली होती. नाना पट्टीनं इकडे तिकडे दाखवत होते. चिमी हात सोडवून सरळ पळत सुटली आणि नानांनी दोन्ही हात वर केले. काही ऐकू आलं नाही, खिडकीची काच बंद होती. पण चिमी जागच्या जागी थांबली. मागे फिरली. आणि उघड्या माळावर मोठा वळसा घालून, पूर्वेकडून, आत गेली.

आणि आज तो फॉर्म. अख्खी ओळ! कुणी केली, माझं टिपण कुणी वाचलं, की दुसऱ्याच कुणाची मुलगी चौकोनाबाहेर सांडली, मला माहीत नाही. पण स्टँडवरच्या त्या बाईचं तीन शब्दांचं नाव पूर्ण मावलं आणि पुढे दोन बोटं जागा उरली. मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरी कधी असा कागद भरलाय का, सगळं खरं खरं लिहून, आणि मागून कुणीतरी विचारलंय का, "आनी उज्जू?"